राजाच्या छत्राखाली : प्रोटेस्टंट चर्चच्या घडणीतलं राजकारण

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्स शहरात यान हुस या बोहेमियन धर्मगुरूला जिवंत जाळण्यात आलं. हुस प्राग विद्यापीठात शिकवत असे आणि लोकांसमोर त्यांच्या चेक भाषेत प्रवचनं करत असे. चर्चचा मस्तक ख्रिस्त आहे, पोप नव्हे, असं तो सांगत होता. धर्मसभेपुढे उत्तर द्यायला तो स्वतःच्या पायांनी आला होता. जर्मनीचा राजा झिगिस्मुंड याने सुरक्षिततेची हमी लिहून दिली होती. ती हमी पाळली गेली नाही.

आता १०६ वर्षं पुढे या. १८ एप्रिल १५२१ रोजी वर्म्स शहरात साम्राज्याच्या सभेपुढे मार्टिन ल्यूथर हा जर्मन धर्मसुधारक उभा आहे. त्याच्याही हातात सम्राटाची लेखी हमी आहे. बायबलच्या आधाराने चूक दाखवून दिलीत तर मागे घेईन, एरवी नाही, असं तो सम्राटाच्या तोंडावर सांगतो. हुसचीच मतं याच्या तोंडून येताहेत, असा आरोप दोन वर्षांपूर्वी लाइपझिगच्या वादसभेत झाला होता, आणि हुसची बरीच विधानं खऱ्या ख्रिस्ती धर्माला धरून आहेत असं ल्यूथरने तिथे कबूलही केलं होतं. असा हा माणूस वर्म्सहून सुखरूप बाहेर पडतो, पुढे पंचवीस वर्षं लिहितो, शिकवतो, संसार करतो आणि १५४६ मध्ये आपल्या जन्मगावी आयस्लेबेनला आजाराने मरतो.

धैर्यात हुस कणभरही कमी नव्हता. मग एकाची राख झाली आणि दुसऱ्याच्या नावाने चर्च उभं राहिलं, याचं कारण काय? छापखाना हे एक कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण छापखान्याला पुस्तकं जपता येतात, माणूस जपता येत नाही. ल्यूथरला जपलं ते सॅक्सनी या जर्मन संस्थानाच्या राजाने, फ्रेडरिकने. आज मला या राजांबद्दल बोलायचं आहे. श्रद्धा त्यांनी निर्माण केली नाही. पण कोणती श्रद्धा जगेल आणि तिच्या चर्चचा आकार काय असेल, हे पुष्कळ अंशी त्यांनी ठरवलं. त्याची किंमत चर्चने शतकानुशतकं मोजली, आणि तिचा एक हप्ता मुंबई-नागपुरातही मोजला गेला. तिथपर्यंत आपल्याला जायचं आहे.

त्या काळी जर्मनी नावाचा एकसंध देश नव्हता. पवित्र रोमन साम्राज्य या नावाखाली शेकडो लहानमोठी संस्थानं, स्वायत्त शहरं आणि बिशपांची राज्यं नांदत होती. सम्राट वंशपरंपरेने येत नसे. सात इलेक्टर त्याला मत देऊन निवडत. फ्रेडरिक त्या सातांपैकी एक. सॅक्सनीची १४८५ मध्ये दोन भावांत वाटणी झाली, तेव्हा लाइपझिगचं जुनं विद्यापीठ दुसऱ्या शाखेकडे गेलं. म्हणून फ्रेडरिकने १५०२ मध्ये विटेनबर्ग या छोट्या गावात स्वतःचं विद्यापीठ काढलं. ल्यूथर तिथला प्राध्यापक होता. त्याच्यामुळे विद्यार्थ्यांची रीघ लागू लागली होती. अशा प्राध्यापकाला बेड्या घालून रोमला पाठवायचं म्हणजे आपल्या हातांनी विद्यापीठ बुडवायचं.

हा फ्रेडरिक स्वतः अगदी जुन्या वळणाचा भाविक होता. संतांच्या अस्थी आणि पवित्र अवशेषांचा त्याचा संग्रह १५२० पर्यंत एकोणीस हजारांच्या घरात गेला होता. त्यांच्या दर्शनानेही पापाच्या शिक्षेतून सूट मिळते, अशी समजूत होती. म्हणजे ल्यूथर ज्या प्रथेवर तुटून पडला, त्याच प्रथेचं मोठं केंद्र त्याच्या संरक्षकाच्या राजवाड्यालगत होतं. तरीही योहान टेट्झेल क्षमापत्रं, म्हणजे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणारे कागद, विकत फिरू लागला तेव्हा फ्रेडरिकने त्याला आपल्या हद्दीत पाऊल टाकू दिलं नाही. कारण साधं होतं. ही विक्री माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याच्यासाठी चालली होती. हे पद मिळवण्यासाठी आल्ब्रेख्तने फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढलं होतं. जमा होणाऱ्या पैशातला अर्धा भाग रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामाला आणि अर्धा ते कर्ज फेडायला जाणार होता. आल्ब्रेख्त ब्रांडेनबुर्गच्या होहेनझोलर्न घराण्यातला, आणि ते घराणं सॅक्सनीचं प्रतिस्पर्धी. आपल्या रयतेच्या पैशाने त्यांचं कर्ज फिटावं, हे फ्रेडरिकला कसं रुचणार? विटेनबर्गचे लोक मग हद्द ओलांडून शेजारच्या गावी क्षमापत्रं घ्यायला जाऊ लागले, आणि ती घेऊन आलेली आपली माणसं पाहून ल्यूथर अस्वस्थ झाला. ३१ ऑक्टोबर १५१७ ची, क्षमापत्रांवर टीका करणारी ती ९५ विधानं या अस्वस्थतेतून आली. ती पूर्ण धार्मिक होती. पण ज्या जमिनीत ती पडली ती जमीन घराण्यांच्या वैराने आधीच नांगरलेली होती.

यानंतरची दोन वर्षं मला सगळ्यात निर्णायक वाटतात. १५१८ च्या उन्हाळ्यात रोमने ल्यूथरला हजर होण्याचा हुकूम काढला. फ्रेडरिकने मध्ये पडून चौकशी जर्मनीतच, आउग्सबुर्गला ठेवायला लावली. तेवढ्यात, जानेवारी १५१९ मध्ये, सम्राट माक्सिमिलियन वारला. गादीसाठी सर्वांत बलवान उमेदवार होता स्पेनचा तरुण राजा चार्ल्स, ज्याच्याकडे नेपल्सही होतं. तो सम्राट झाला तर पोपची राज्यं दोन्ही बाजूंनी घेरली जाणार, म्हणून पोप लिओ दहावा याला तो नको होता. सातपैकी एक मत फ्रेडरिकचं. खुद्द फ्रेडरिकनेच उभं राहावं असेही प्रयत्न झाले. पोपच्या मर्जीची खूण मानला जाणारा सोन्याचा गुलाब त्याला देऊ करण्यात आला. ज्याची मनधरणी चालू आहे त्याच्याच प्राध्यापकाला पाखंडी ठरवून कसं चालेल? खटला थंडावला. २८ जून १५१९ रोजी चार्ल्सच निवडून आला. त्यासाठी साडेआठ लाखांच्या आसपास गुल्डन उधळले गेले आणि त्यातले निम्म्याहून अधिक फुगरांनी पुरवले. पोपचा डाव फसला, पण तोवर ल्यूथरच्या पत्रकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या होत्या. पोपचं धमकीचं फर्मान निघालं ते जून १५२० मध्ये, आणि त्या वर्षी डिसेंबरात ल्यूथरने ते विटेनबर्गच्या वेशीबाहेर जाळलं. हुसला असा अवधी मिळाला नव्हता.

वर्म्सच्या सभेनंतर सम्राटाने ल्यूथरला कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकलं. परतीच्या वाटेवर, जंगलात घोडेस्वारांनी त्याची गाडी अडवून त्याला पळवलं. हे अपहरण फ्रेडरिकनेच घडवून आणलं होतं. वार्टबुर्ग किल्ल्यात दाढी वाढवून, सरदाराच्या वेशात ल्यूथर सुमारे दहा महिने राहिला आणि तिथे त्याने बायबलमधल्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. सप्टेंबर १५२२ मध्ये ते छापून आलं. फ्रेडरिक आणि ल्यूथर यांचं समोरासमोर बोलणं झाल्याची नोंद नाही. सगळा व्यवहार राजाचा चिटणीस श्पालाटिन याच्यामार्फत चाले. मे १५२५ मध्ये, मृत्युशय्येवर, फ्रेडरिकने प्रभुभोजनात, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणविधीत, भाकरीबरोबर द्राक्षारसही घेतला, म्हणजे ल्यूथरच्या रीतीने घेतला. त्याआधीची आठ वर्षं त्याने ज्या माणसाला वाचवलं, त्याचा अनुयायी मात्र तो उघडपणे कधी झाला नव्हता.

फ्रेडरिक मरत होता त्याच दिवसांत जर्मनीत शेतकऱ्यांचं बंड पेटलं होतं, आणि माझ्या मते प्रोटेस्टंट चर्चच्या इतिहासातलं सगळ्यात दुःखद वळण हे आहे. मार्च १५२५ मध्ये मेमिंगन शहरात शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. वेठबिगारी, जंगल, मासेमारी, खंड हे सगळं त्यात आहे. पण पहिली मागणी यातली कोणतीच नाही. पहिली मागणी अशी की आमच्या गावच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, आपला पाळक, म्हणजे धर्मगुरू, स्वतः निवडण्याचा, आणि तो नीट वागला नाही तर काढून टाकण्याचा अधिकार असावा. ही मागणी कुठून आली? ल्यूथरकडूनच. १५२३ मध्ये त्याने स्वतः लिहिलं होतं की उपदेशाची पारख करण्याचा आणि उपदेशक नेमण्याचा अधिकार मंडळीचा आहे. बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजक आहे, हेही त्याचंच वचन. शेतकऱ्यांनी ते खरं मानलं.

बंडात लूट झाली, हत्या झाल्या, आणि ल्यूथर राजांच्या बाजूने उभा राहिला. बंडखोरांना कापून काढा, अशा भाषेत त्याने लिहिलं. १५ मे रोजी फ्रांकेनहाउसेनला राजांच्या फौजांनी शेतकऱ्यांची कत्तल केली. त्यांचा पुढारी थॉमस म्युंत्झर याचा छळ करून शिरच्छेद केला. त्या वर्षात हजारो, काही अंदाजांनुसार लाखभर माणसं मारली गेली. गावाने आपला पाळक निवडावा ही कल्पना ल्यूथरन प्रदेशांत तिथेच मोडून पडली. मला ल्यूथरबद्दल मोठा आदर आहे, आणि म्हणूनच हे लपवावंसं वाटत नाही.

पाळक मंडळीने निवडायचा नाही, पोपच्या बिशपाने तर नेमायचाच नाही. मग कोणी? १५२७ पासून सॅक्सनीच्या नव्या राजाने आपले अधिकारी गावोगाव पाठवले. कोणता पाळक काय शिकवतो, कोणाला प्रार्थना पाठ आहेत, कोणाचं उत्पन्न किती, याची तपासणी सुरू झाली. लोकांचं अज्ञान पाहून ल्यूथर हादरला आणि १५२९ मध्ये त्याने ती छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, जी आजही ल्यूथरन मुलं शिकतात. हे काम चांगलंच होतं. पण ते राजाच्या हुकमाने झालं. ल्यूथरने राजाला आणीबाणीपुरता बिशप मानलं. अडचणीची वेळ सरली की त्याने बाजूला व्हावं. ती वेळ सरली नाही. जर्मन राजांचा आपापल्या प्रदेशातल्या चर्चवरचा ताबा संपला तो १९१८ मध्ये, राजेच गेले तेव्हा.

मधल्या काळात सम्राटाने हे सगळं चिरडून का टाकलं नाही? त्याची इच्छा होती, फुरसत नव्हती. फ्रान्सशी त्याचं युद्ध चालू होतं आणि पूर्वेकडून तुर्कांचा सुलतान सुलेमान चालून येत होता. १५२६ च्या उन्हाळ्यात श्पायर इथल्या सभेत प्रत्येक संस्थानाने धर्माच्या बाबतीत देवाला आणि सम्राटाला जाब देता येईल असं वागावं, असा मोघम ठराव झाला. त्याच ऑगस्टमध्ये सुलेमानशी झालेल्या मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला. १५२९ मध्ये पुन्हा श्पायरलाच ती सवलत काढून घेण्याचा ठराव झाला, तेव्हा सहा राजे आणि चौदा शहरांनी निषेधपत्र दाखल केलं. साऱ्या पंथाला पुढे मिळालेलं ‘प्रोटेस्टंट’ हे नाव या निषेधावरून, म्हणजे ‘प्रोटेस्ट’वरून, आलं. त्या शरद ऋतूत सुलेमानच्या फौजा व्हिएन्नाला वेढा घालून बसल्या होत्या. तुर्कांविरुद्ध मदत हवी म्हणून १५३२ मध्ये न्यूरेम्बर्गला सम्राटाने प्रोटेस्टंटांशी तडजोड केली. इस्तंबूलच्या सुलतानाचा दबाव नसता तर विटेनबर्गचं काय झालं असतं, हा प्रश्न मला खरोखर महत्त्वाचा वाटतो.

अखेर १५५५ मध्ये आउग्सबुर्गचा तह झाला. कॅथलिक की ल्यूथरन हे त्या त्या राजाने ठरवायचं; ज्या प्रजेला ते मान्य नसेल तिने घरदार विकून दुसरीकडे जावं. तिसऱ्या मताला जागाच नव्हती. पॅलॅटिनेट संस्थानात १५५६ मध्ये राजा ल्यूथरन म्हणून प्रजा ल्यूथरन झाली. पुढच्या राजाने ती कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या मताची केली. १५६३ ची प्रसिद्ध हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी त्याच्याच काळातली. १५७६ मध्ये त्याचा मुलगा आला आणि पुन्हा ल्यूथरन. १५८३ मध्ये पुन्हा कॅल्विनवादी. तिथल्या एखाद्या शेतकरी बाईने तीस वर्षांच्या आत प्रभुभोजनाचा अर्थ चार वेळा बदललेला ऐकला असेल.

स्वीडनमध्ये याहून उघडा व्यवहार दिसतो. डेन्मार्कच्या राजाने १५२० मध्ये स्टॉकहोमला ऐंशीहून अधिक सरदार, नागरिक आणि दोन बिशप यांची मुंडकी उडवली. त्या हत्याकांडात वडील गमावलेला गुस्ताव्ह वासा बंड करून उठला आणि ६ जून १५२३ रोजी राजा झाला. युद्ध त्याने ल्युबेक शहराच्या कर्जावर लढलं होतं. तिजोरी रिकामी. राज्यातली जवळजवळ एकपंचमांश शेतजमीन चर्चची, आणि राजाच्या मालकीची त्याच्या एकतृतीयांशही नाही. या जमिनी आपल्याकडच्या देवस्थान इनामांसारख्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आत्म्याच्या शांतीसाठी दिलेल्या, करमुक्त, आणि एकदा देवाच्या नावावर गेल्या की परत न येणाऱ्या.

जून १५२७ मध्ये वेस्टेरोसला गुस्ताव्हने सभा भरवली. खर्च किती, उत्पन्न किती, हे मांडलं आणि असं राज्य मला नको म्हणून रडत सभेतून उठून गेला. लोक घाबरले. दुसरा राजा आणायचा कुठून? काही दिवसांत सभेने सगळं मान्य केलं. बिशपांचे किल्ले राजाला. चर्चचं गरजेपेक्षा अधिकचं उत्पन्न राजाला. सरदारांचं तोंड बंद करायला एक खास कलम होतं : १४५४ नंतर आपल्या पूर्वजांनी चर्चला दिलेली जमीन त्यांनी परत घ्यावी. आणि धर्मसिद्धान्ताबद्दल? देवाचं वचन शुद्ध रीतीने सांगितलं जावं, इतकंच. ज्या घटनेने स्वीडन पोपपासून तुटला तिच्यात श्रद्धेविषयी एवढाच मजकूर आहे.

१५३१ मध्ये ल्युबेकचं कर्ज फेडायला राजाने प्रत्येक गावच्या चर्चची एक घंटा मागितली. गावाने वर्गणी काढून ओतवून घेतलेली, जन्म-मृत्यूला वाजणारी घंटा! दालार्ना प्रांताने बंड केलं. गुस्ताव्हला गादीवर बसवणारे पहिले लोक दालार्नाचेच होते. आता त्यांच्याच पुढाऱ्यांना त्याने मारलं. ओलाउस पेत्री हा विटेनबर्गला शिकलेला, तळमळीचा सुधारक. स्वीडिश भाषेतल्या नव्या कराराच्या आणि उपासनेच्या कामात त्याचा मोठा वाटा. राजाच्या वागण्यावर तो व्यासपीठावरून टीका करू लागला, तेव्हा १५३९ च्या अखेरीस त्याच्यावर खटला भरून त्याला देहदंड फर्मावण्यात आला. दंड भरून तो कसाबसा सुटला. पोपच्या हाताखालून सुटलेला सुधारक राजाच्या हाताखाली सापडला, असं हे चित्र आहे.

डेन्मार्कमध्ये तिसऱ्या ख्रिश्चनने ऑगस्ट १५३६ मध्ये बिशपांना अटक करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी विटेनबर्गहून आलेल्या बुगेनहागेनने राजाला मुकुट चढवला, नवे धर्माधिकारी नेमले. नॉर्वे आणि आइसलँड डेन्मार्कच्या अमलाखाली, त्यांना तर कोणी विचारलंच नाही. आइसलँडचा शेवटचा कॅथलिक बिशप योन अरासोन याचा १५५० मध्ये दोन मुलांसह शिरच्छेद झाला.

इंग्लंडची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, पण आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता आणि म्हणून चर्च फुटलं एवढ्यावर ती थांबते. पोपने असे विवाह यापूर्वीही रद्द केले होते. अडचण अशी की राणी कॅथरिन ही सम्राट चार्ल्सची मावशी, आणि १५२७ मध्ये चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटून पोपला कोंडून ठेवलं होतं. १५३४ च्या कायद्याने हेन्री चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. १५३६ ते १५४० या काळात त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सुमारे आठशे मठ बंद केले. पण हेन्री मनाने प्रोटेस्टंट झाला नाही. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डवर एकाच दिवशी सहा जणांना मारलं. ल्यूथरची मतं सांगणाऱ्या तिघांना पाखंडी म्हणून जाळलं आणि पोपला मानणाऱ्या तिघांना राजद्रोही म्हणून फाशी देऊन कापलं. रॉबर्ट बार्न्स हा त्या जाळलेल्यांपैकी एक. त्याने जर्मनीत हेन्रीचा वकील म्हणून काम केलं होतं. त्या दिवशी राजाच्या मर्जीखेरीज दुसरा कोणताही धर्म इंग्लंडात सुरक्षित नव्हता.

मग इंग्लंड प्रोटेस्टंट राहिलं कसं? याचं उत्तर मला जमिनीत दिसतं. मठांची जमीन राजाने स्वतःकडे ठेवली नाही. युद्धखर्चासाठी भराभर विकली. ती घेतली गावोगावच्या जमीनदारांनी, व्यापाऱ्यांनी, वकिलांनी. १५५३ मध्ये हेन्रीची कॅथलिक मुलगी मेरी गादीवर आली. पुढल्या वर्षी पार्लमेंटने पोपशी समेट केला, पण जमिनी आमच्याकडेच राहतील, या अटीवर. पोपच्या प्रतिनिधीला ते मान्य करावं लागलं. मेरीच्या पाच वर्षांत अडीचशेहून अधिक माणसं जाळली गेली. त्यात आर्चबिशप क्रॅनमर होता तसे साधे विणकर, मजूर आणि बायकाही होत्या. त्यांना कोणी मठाची जमीन दिली नव्हती. राजकारण सांगता सांगता या माणसांना विसरणं मला अन्यायाचं वाटतं. १५५९ मध्ये मेरीनंतर राणी झालेल्या एलिझाबेथचा प्रोटेस्टंट उपासनेविषयीचा कायदा सरदारांच्या सभागृहात अवघ्या तीन मतांनी मंजूर झाला, आणि त्या बाजूने एकाही बिशपाने मत दिलं नव्हतं.

राजा विरोधात असेल तिथे काय झालं? तिथे चर्चचा आकारच निराळा झाला. फ्रान्समध्ये मे १५५९ मध्ये पॅरिसला गुपचूप भरलेल्या सभेत मोजक्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी आपली घटना केली. नेदरलँड्सच्या पळून गेलेल्या लोकांनी १५७१ मध्ये जर्मनीतल्या एम्डेन बंदरात सभा घेतली. तिचा पहिलाच ठराव असा की कोणत्याही मंडळीने दुसऱ्या मंडळीवर, कोणत्याही पाळकाने दुसऱ्या पाळकावर सत्ता गाजवू नये. बिशप नेमायला राजा नव्हता, म्हणून बिशपच नव्हते. पाळक आणि लोकांतून निवडलेले वडील, म्हणजे ज्येष्ठ सभासद, मिळून मंडळी चालवत. स्कॉटलंडमध्ये १५६० चा बदल कॅथलिक राजघराण्याला डावलून झाला आणि तिथेही हीच पद्धत रुजली. १५९६ मध्ये अँड्र्यू मेलव्हिल या धर्मगुरूने राजा सहाव्या जेम्सची बाही धरून त्याला बजावलं की स्कॉटलंडात दोन राज्यं आहेत, आणि ख्रिस्ताच्या राज्यात तू राजा नाहीस, नुसता एक सभासद आहेस. हाच जेम्स पुढे इंग्लंडचा राजा झाला तेव्हा, १६०४ मध्ये, त्याने हिशोब मांडला : बिशप नाहीत तर राजाही नाही. त्याला नेमकं कळलं होतं.

आणि ज्यांना कोणाचंच छत्र नव्हतं? झ्यूरिकमध्ये काही तरुणांनी म्हटलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही. ज्याला कळतं आणि ज्याची श्रद्धा आहे त्यानेच तो घ्यावा. हे मत राज्यकर्त्यांना का झोंबलं, हे समजून घ्या. बाळाचा बाप्तिस्मा झाला की ते एकाच वेळी चर्चचं सभासद आणि राज्याची प्रजा होतं. तो मोडला की राज्य एक आणि चर्च दुसरं, हे उघड होतं. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ याला हात बांधून लिमाट नदीत बुडवलं. बुडवणारं नगरमंडळ प्रोटेस्टंट होतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मिळालं आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. कंपनीने इंग्रजांसाठी सेंट थॉमस चर्च बांधलं. ते १७१८ च्या नाताळात उघडलं. पण मिशनऱ्यांना मात्र तिने बराच काळ लांब ठेवलं. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याची तयारी झाली होती. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांच्या सहानुभूतीने ते राहू शकले. हे दोघे कॉन्ग्रेगेशनल पंथाचे, म्हणजे राजाच्या चर्चला कंटाळून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटनांचे वारसदार. त्यांची मराठी मिशन पुढे अहमदनगरला रुजली आणि १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा याच परंपरेत झाला. त्याच मुंबईत १८३७ मध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, बिशप आला तो इंग्लंडच्या गादीच्या नेमणुकीने.

स्कॉटलंडातला राजा आणि मंडळी यांचा जुना वाद तर जसाच्या तसा इथे उतरला. १७१२ च्या कायद्याने पाळक नेमण्याचा हक्क तिथल्या जमीनदारांना मिळाला होता. त्यावरून १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळकांनी घर, पगार, चर्च सगळं सोडलं आणि फ्री चर्च काढलं. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन फ्री चर्चकडे गेले. १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप फ्री चर्चचेच. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते हेच. मेमिंगनच्या शेतकऱ्यांनी मागितलं होतं तेच एडिनबरोत तीनशे अठरा वर्षांनी मागितलं गेलं : आमचा पाळक आम्ही निवडू.

भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या कायद्यातून मोकळं झालं ते १९३० मध्ये, १९२७ च्या कायद्यानुसार. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये उत्तर भारतातलं संयुक्त चर्च, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अस्तित्वात आलं. त्यात अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन (म्हणजे स्कॉटलंडसारख्या वडिलांच्या पद्धतीचे) आणि कॉन्ग्रेगेशनल आले, मेथडिस्टांची एक शाखा आली, बॅप्टिस्ट आणि ब्रदरेन आले. बिशप ठेवले, पण ते घटनेने बांधलेले; त्यांच्यासोबत पाळकांची आणि लोकप्रतिनिधींची सभा. आणि बाप्तिस्म्याबद्दल त्यांनी असं ठरवलं की बाळाला द्या किंवा कळत्या वयात द्या, दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये ग्राह्य.